डोळ्याचा कोपरा

कागदावर सगळं नीटनेटकं टाइप केलेलं होतं. उल्का खराडेने तो वाचला आणि शेवटच्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं.

"हा शब्द काढ."

"कुठला?" नंदिनी साबळेने विचारलं, जणू तिला ठाऊकच नव्हतं.

"नजरचुकीने."

"अगं, ती काय शिवी आहे का? सगळे लिहितात. लग्नपत्रिकेच्या तळाला असतंच की, नजरचुकीने आमंत्रण न मिळाल्यास हेच आमंत्रण समजावे म्हणून. कोण रागावतं त्यावर?"

"पत्रिका वाटणाऱ्याची नजर चुकली तर पंगतीत एक पान कमी लागतं. पंचाची नजर चुकली तर त्याला पंच कशाला म्हणायचं? मी नाही सही करणार."

नंदिनीने कपाळाला हात लावला. या दोघी एकेकाळी जिल्ह्याच्या कबड्डी संघाचे दोन कोपरे होत्या. उजव्या कोपऱ्यात नंदिनी, डाव्या कोपऱ्यात उल्का. चढाईपटू दोघींच्या मधे शिरली की परत जाताना लंगडतच जायची, असं तेव्हाचे लोक अजून सांगतात. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, खेळ सुटला, पण मैदान सुटलं नाही. नंदिनी 'सह्यकन्या कबड्डी लीग'ची पंचप्रमुख झाली आणि उल्का तिथलीच पडदा-पंच. मॅटवरच्या पंचाचा निर्णय कुणाला पटला नाही की प्रकरण पडदा-पंचाच्या खोलीत यायचं. तिथे सहा कॅमेऱ्यांची सहा दृश्यं सहा पडद्यांवर एकाच वेळी चालायची आणि उल्का म्हणेल ते शेवटचं.

काल उपांत्य सामन्यात गुण बरोबरीत होते. कृष्णाकाठ संघाच्या सानिया मुलाणीची शेवटची चढाई. ती बोनस रेषेपर्यंत गेली, परत आली आणि हात वर करून ओरडू लागली. मॅटवरच्या पंचाने गुण दिला नाही. प्रकरण वर आलं. सहाही पडदे समोर चालू होते, उल्काने पायावर नजर रोखली, सानियाचा पाय बोनस रेषेच्या अलीकडेच राहिला होता, तेव्हा तिने निकाल दिला: रिकामी चढाई. जादा चढायांमध्ये कृष्णाकाठ हरला आणि फायनलला रत्नदुर्ग गेला. सानियाने टेबलापाशी येऊन, चालू माईकसमोर, सगळ्या महाराष्ट्राला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आंधळ्या आहात का हो ताई?" त्याबद्दल तिच्यावर दोन हंगामांची बंदी बसली.

आणि आज सकाळी नंदिनीने मूळ चित्रीकरण काढून बघितलं, तर सानियाची बोटं रत्नदुर्गच्या कोपऱ्यातल्या मुलीच्या खांद्याला चक्क घासून गेली होती. ढळढळीत. शाळकरी पोरानेही गुण दिला असता.

"हे तुझ्याच पाचव्या पडद्यावर चालू होतं, उल्का. तू पायाकडे बघत होतीस, हाताकडे लक्ष गेलं नाही. होतं माणसाचं. तू एवढं लिहून दिलंस की पंचाची चूक ठरते, मग त्या पोरीची बंदी उठवता येते. नाही दिलंस तर तुझा निर्णय बरोबर होता असं धरावं लागेल, आणि बरोबर निर्णय देणाऱ्या पंचाला ती आंधळी म्हणाली, ते तसंच राहील. तिच्यासाठी तरी कर."

नेम बरोबर बसला होता. उल्काने नंदिनीच्या टॅबलेटवरचं ते दृश्य पुन्हा बघितलं. बोटं, खांदा, स्पर्श. पण सहीसाठी उचललेलं पेन तिने खाली ठेवलं.

"उद्या संध्याकाळी फायनल आहे ना? तोवर मला त्या खोलीत बसू दे."

नंदिनी नको म्हणाली नाही. तेवढी जुनी ओळख शिल्लक होती.

ती खोली म्हणजे नंदिनीचा मोठा अभिमान होता, आणि त्याला कारणही तसंच होतं. पूर्वी इथे लॅपटॉपला दोन पडद्यांच्या पुढे तिसरा जोडायचा म्हणजे तमाशा असायचा. तिसरा लावला की पहिला काळा पडायचा. पहिल्याची वायर काढून घातली की दुसऱ्यावर तिसऱ्याचं चित्र यायचं. कधी सगळ्या पडद्यांवर एकच दृश्य, कधी माउसचा बाण एका पडद्याच्या कडेला गेला की भलत्याच पडद्यातून बाहेर यायचा. टेबलाखाली वायरींचं असं जाळं, की पंचाने पाय हलवला तरी सामना थांबायचा. प्रेक्षक शिट्ट्या मारत बसायचे आणि आत नंदिनी गुडघ्यांवर बसून ही पिन त्या भोकात घालत असायची.

मग या हंगामाला 'दशनेत्र' आला. हातात मावेल एवढा चपटा डबा. लॅपटॉप त्याच्यावर ठेवायचा, एक वायर खोचायची आणि डब्याला हवे तेवढे पडदे लावायचे. सहाच्या सहा पडदे, लख्ख, एकही ठेच न खाता. नंदिनीने तो स्वतः निवडला होता, अध्यक्षांशी भांडून मिळवला होता आणि पहिल्या दिवशी त्याला हळदकुंकूही वाहिलं होतं.

त्याच डब्यासमोर दुपारी उल्का बसली आणि कालची चढाई हळू गतीत पुन्हा पुन्हा चालू ठेवली. पाचव्या पडद्याकडे बघितलं की स्पर्श दिसत होता. प्रत्येक वेळी दिसत होता. मग काल का दिसला नाही? वय झालं? आपल्याच डोळ्यांचा तिला पहिल्यांदा संशय आला आणि त्या संशयाचा भयंकर रागही आला.

इतक्यात दार धाडकन उघडलं. सानिया मुलाणी आत आली. पडदा-पंचाच्या खोलीत पंचाखेरीज कुणी पाऊल टाकायचं नाही, फोन आणायचा नाही, हा लीगचा सगळ्यात कडक नियम. बंदी घातलेल्या खेळाडूने तर जिनाही चढायचा नाही.

"अजून काय घालणार तुम्ही माझ्यावर? घाला," सानिया दारातूनच म्हणाली. "मी फक्त एक विचारायला आले. तुम्हाला दिसलं न्हाई, का दिसून गप बसला?"

"दिसलं नाही."

"कसं दिसलं न्हाई? तुम्ही डावा कोपरा खेळलाय. माझी आई सांगती तुमचं. म्हणती, उल्का खराडे बघायची एकीकडं आणि पाय धरायची दुसरीकडं. कोपऱ्यातल्या माणसाला डोळ्याच्या कोपऱ्यातनंच दिसतंय की सगळं! आणि पाच वितींवरचा पडदा दिसला न्हाई?"

उल्का उत्तर द्यायला गेली आणि थांबली. पोरगी बोलली ते खरं होतं. कोपरारक्षक समोर बघतच नाही. समोर बघितलं तर चढाईपटूला त्याचा डाव कळतो. तो भलतीकडे बघतो आणि डोळ्याच्या कडेला काही हललं की मान आपोआप वळते, हात आपोआप जातो. विचार नंतर येतो. उल्काची मान तशी आयुष्यभर वळत आली होती. स्वयंपाकघरात दूध उतू जायच्या आधी वळायची. जुन्या खोलीत, जुन्या पडद्यांसमोर, दर सामन्याला वळायची.

आणि या हंगामात ती एकदाही वळली नव्हती. एकदाही दचकायला झालं नव्हतं. उल्काला वाटलं होतं, नवे पडदे फार छान आहेत म्हणून काम सोपं झालं.

"ये आत. दार लाव," ती म्हणाली. "मी काल जशी बसले होते तशी बसते. बोनस रेषेकडे बघते. तू माझ्या मागे उभी राहा आणि पाचव्या पडद्यावर स्वतःचा हात बघ."

चढाई सुरू झाली. उल्काने दुसऱ्या पडद्यावरच्या पायावर नजर रोवली.

"ह्यो माझा हात न्हवे," मागून सानिया म्हणाली.

"म्हणजे?"

"हात माझाच हाय, पण असा गेलाच न्हवता. ह्यो तर खांद्यापास्नं वीतभर लांबनं गेला! हे कुणी बदललं?"

उल्काने झटकन मान वळवली. चढाई पुन्हा सुरू झाली होती. बोटं खांद्याला घासून गेली.

"लागला की," उल्का म्हणाली.

"आत्ता लागला. मघाशी लागला न्हवता. अल्लाशप्पथ!"

"पुन्हा. मी पायाकडे बघते."

"न्हाई लागला."

"आता मी हाताकडे बघते."

"लागला." सानियाचा आवाज खाली आला. "ताई, तुम्ही बघितलं की लागतोय. तुम्ही नजर काढली की लागत न्हाई. ह्यो काय प्रकार?"

दोघींनी तेच कितीतरी वेळा केलं. शेवटी सानिया खुर्चीत बसली आणि उल्का मागे उभी राहिली, तर आता डबा सानियाच्या डोळ्यांच्या तालावर नाचू लागला. उल्काने स्वतः बघितलं. पडद्यावर एक गुळगुळीत, झोकदार, अगदी खरा वाटणारा हात खांद्याच्या वीतभर पलीकडून निघून गेला. असा हात या जगात कधी हललाच नव्हता.

दशनेत्र बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर निषाद आपटे हंगामभर क्रीडागृहातच असायचा. उल्काने त्याला कँटीनमध्ये गाठलं. भला मुलगा होता. त्याने काही लपवलं नाही, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे हेच त्याच्या गावी नव्हतं.

"मॅडम, लॅपटॉपमधून डॉककडे, म्हणजे या डब्याकडे, एकच वायर जाते," तो म्हणाला. "सहा मोठे पडदे, एवढं बारीक चित्र, एवढ्या वेगाने, हे सगळं त्या वायरमधून जातच नाही. म्हणून तर पूर्वी तिसरा पडदा काळा पडायचा. सगळ्या कंपन्या वायर जाड करायच्या मागे लागल्या. आम्ही उलटं केलं. आम्ही म्हटलं, बघणाऱ्याला लागतं किती? हात लांब करा. अंगठ्याचं नख बघा. साधारण तेवढ्याच भागात माणसाला स्पष्ट दिसतं. बाकी सगळं पुसट असतं. मेंदू ते अंदाजाने भरून काढतो आणि आपल्याला वाटतं, सगळं दिसतंय."

पुढचं त्याने टेबलावर मिठाच्या डबीने आणि बशांनी समजावून सांगितलं. प्रत्येक पडद्याच्या कडेत बारीक कॅमेरा असतो. तो बुबुळावर लक्ष ठेवतो. जिथे नजर आहे तिथलं चित्र दशनेत्र खरं, बारीक तपशिलासकट पाठवतो. बाकीच्या जागी तो वायर वाया घालवत नाही. तिथे तो स्वतःच चित्र काढतो. हजारो सामने दाखवून त्याला शिकवलेलं असतं की चढाईपटूने असा पाय टाकला की बहुतेक वेळा तिचा हात कुठे जातो, कोपऱ्यातली मुलगी बहुतेक वेळा काय करते. त्या बहुतेक वेळाचं चित्र तो काढतो. नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारते तेव्हा डोळ्याला क्षणभर काही दिसत नाही. तेवढ्यात नव्या जागी खरं चित्र येऊन बसलेलं असतं.

"फ्रिजच्या दिव्यासारखं," उल्का म्हणाली. "दार उघडावं तेव्हा लागलेलाच."

"एक्झॅक्टली!" निषाद खूश झाला. "म्हणून आजवर कुणालाच फरक कळला नाही. एका वेळी एकाच माणसाने वापरायचा, एवढी सूचना पाळली की झालं. मागे दुसरं कुणी उभं असेल तर त्याला मात्र आमचा अंदाज दिसतो."

"आणि आमच्या खोलीत दुसऱ्या कुणाला सोडत नाहीत."

"म्हणूनच तर तुमची खोली आमच्यासाठी आदर्श होती, मॅडम."

उल्काने चहाचा कप बाजूला सारला. "निषाद, तुम्ही म्हणता, बहुतेक वेळा जे होतं ते कडेला दाखवता. आणि एखाद्या वेळी भलतंच झालं तर?"

"मॅडमनी तिकडे बघितलं की खरं दिसणार."

"पण मी तिकडे बघणार कधी? डोळ्याच्या कडेला भलतं काही हललं तर! तेच तुम्ही हलू देत नाही. भलतं झालं की तुम्ही तिथे नेहमीचं दाखवता. मग माझी मान वळत नाही. मान वळत नाही म्हणून खरं कधी येत नाही. अहो, पंच कशासाठी ठेवलाय? नेहमीचं बघायला? नेहमीचं तर मॅटवरच्या पंचालाही दिसतं!"

निषादचा चेहरा उतरत गेला. हुशार होता. त्याला कळलं आणि कळल्याचं तोंडावर दिसलं. "तुम्हाला दाखवलेलं चित्र कुठे साठवलेलंही नसतं," तो हळूच म्हणाला. "मूळ चित्रीकरण तेवढं राहतं."

म्हणजे पुरावा सगळा उल्काच्या विरुद्ध, आणि तिने जे बघितलं ते जगात कुठेच नाही. हे ऐकून दुसरं कुणी खचलं असतं. उल्काच्या अंगात मात्र कालपासून पहिल्यांदा हुशारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीगचे अध्यक्ष बापू इंगवले सहीचा कागद घ्यायला स्वतः आले. कडक इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं. उल्काने त्यांना नंदिनीसकट पडदा-पंचाच्या खोलीत नेलं. निषाद होता. आणि सानियाही होती.

"ही पोरगी इथं कशी?" बापूंनी विचारलं.

"नियम मोडून," उल्का म्हणाली. "नियम मोडला म्हणूनच सापडलं. नंदिनी, तू खुर्चीत बस. परवाच्या सामन्याचा निर्णय तुला द्यायचाय असं समज. सानियाचा पाय बोनस रेषेला जातो का, ते नीट बघ. आम्ही सगळे मागे उभे राहून पाचवा पडदा बघतो."

नंदिनी बसली. तिने पायाकडे अशी नजर लावली की बापूंनाही तिच्या खेळाचे दिवस आठवले असतील. चढाई झाली.

"पाय अलीकडेच राहिला," नंदिनी म्हणाली.

"आणि हात?"

"हात..." नंदिनी थबकली. काय आहे ते तिला माहीत होतं. काल तिनेच ते शोधून काढलं होतं. तरी ती म्हणाली, "हात हलल्याचं जाणवलंच नाही मला."

मागे उभ्या असलेल्या बापूंनी पडद्याकडे बोट केलं होतं आणि ते बोट तसंच राहिलं होतं. खांद्यापासून वीतभर लांबून गेलेला हात त्यांनी धडधडीत बघितला होता. उल्काने नंदिनीला पाचव्या पडद्याकडे बघायला सांगितलं, तेव्हा तोच हात खांद्याला चिकटला. नंदिनीने नजर काढली, हात दूर झाला. मग उल्काने तिला उठवून मागे उभं केलं आणि स्वतः खुर्चीत बसली. आता नंदिनीने बघितलं.

तिने हौसेने आणलेला, हळदकुंकू लावलेला तो डबा टेबलावर शांत बसला होता.

"मी सांगितलं होतं बापूंना," ती म्हणाली. "माझ्या शब्दावर आणला हा. उल्का, मी तुला सही कर म्हणत होते गं."

तिचे डोळे भरून आले. उल्काला तिच्याविषयी वाईट वाटलं, पण आता तिचं सांत्वन करत बसायची वेळ नव्हती.

बापू मात्र सावरले. अध्यक्ष म्हणून निवडून येणारी माणसं लवकर सावरतात. "ठीक आहे," ते म्हणाले. "हंगाम संपला की आपण याचा सोक्षमोक्ष लावू. आज कशाला वाच्यता? मशीनने खोटं दाखवलं म्हटलं की हंगामातला प्रत्येक निर्णय लोक उकरून काढतील. प्रत्येक हरलेला संघ दारात उभा राहील. त्यापेक्षा एका पंचाची नजरचूक झाली, विषय संपला. उल्काताई, तुमचा मान ठेवून पुढच्या वर्षी तुम्हाला सल्लागार करू. या मुलीची बंदी आजच उठवू. सगळ्यांचं भलं."

"नको मला तसली बंदी उठवून," सानिया म्हणाली. "ताई, सही करू नका."

"तू गप्प बस," बापू म्हणाले.

"ती बोलेल," उल्का म्हणाली. "हात तिचा होता."

"उल्काताई, समजून घ्या. निकाल लागला. आज रत्नदुर्ग फायनल खेळणार. तो बदलता येणार आहे का? मग हे उगाळून काय उपयोग? आणि मशीनवर ढकलू नका. निर्णय मशीनने दिला नाही. तुम्ही दिला. निकालावरची सही तुमची, निर्णय तुमचा."

उल्काने तो टाइप केलेला कागद घेतला, दोनदा दुमडून नंदिनीच्या हातात दिला.

"हे मात्र तुम्ही लाखमोलाचं बोललात, बापू," ती म्हणाली. "निर्णय माझा."

संध्याकाळी क्रीडागृह गच्च भरलं होतं. ढोल चालू होते. फायनलचे दोन्ही संघ मॅटच्या कडेला हातपाय मोकळे करत होते. पडदा-पंचाच्या खोलीत उल्काच्या जागी नवा पंच नेमला होता आणि त्या खोलीत दशनेत्र तसाच होता, कारण एका दुपारीत सहा पडद्यांना सहा वेगळी यंत्रं कोण जोडणार, असं बापूंनी सगळ्यांना पटवलं होतं.

उल्का पंचाचा काळा-पांढरा टी-शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून जिना उतरली आणि सरळ मॅटवर गेली. तिला थांबवावं असं कुणाला सुचलं नाही. पंचाला मॅटवर कोण अडवणार? तिने निवेदकाच्या हातातला माईक घेतला.

"मी उल्का खराडे. परवाच्या उपांत्य सामन्यातली पडदा-पंच," ती म्हणाली. "शेवटच्या चढाईचा निर्णय मी दिला. मला जे दाखवलं गेलं ते खोटं होतं. वर ठेवलेलं यंत्र, पंच जिकडे बघत नाही तिकडे, स्वतःच्या मनाचं चित्र दाखवतं. हा प्रकार या हंगामात प्रत्येक सामन्यात झालाय. आजही..."

माईक बंद झाला. अध्यक्षांच्या खुर्चीवरून बापूंनी नुसता हात हलवला होता.

ढोल थांबले होते. हजारो लोक होते आणि तिचे ओठ तेवढे हलत होते. उल्काने दोनदा माईकवर टिचकी मारली. मग तो खाली ठेवला आणि शिट्टी तोंडात धरली.

ती शिट्टी कोपऱ्याकोपऱ्यात ऐकू गेली. कबड्डीच्या पंचाला बोलायची गरज कधीच नसते. उल्का मध्यरेषेवर जाऊन उभी राहिली. रिकाम्या चढाईची खूण करून तिने ती दोन्ही हातांनी पुसून टाकली. आपला निर्णय आपणच मागे घेताना पंच करतो तशी. मग परवा कृष्णाकाठ ज्या बाजूला होता त्या बाजूला तिने उजवा हात ताठ उभा केला आणि एक बोट वर धरलं. चढाईपटूला एक गुण.

त्या बाजूला आज दुसराच संघ उभा होता. गुणफलक कोरा होता. या गुणाने काहीही बदलणार नव्हतं आणि हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. उल्काने हात खाली घेतला नाही.

पंचाने खूण केली की गुणलेखकाच्या टेबलावरून कुणीतरी हात वर करून पोच द्यायची, ही या लीगमधली रीत. पोच मिळेपर्यंत पंचाने खूण सोडायची नाही. टेबलावरचे दोघेतिघे खाली माना घालून बसले होते. बापू उठून उभे राहिले होते आणि सुरक्षारक्षकांकडे बघत होते. उल्काचा खांदा भरून आला.

गॅलरीतून एक आवाज आला. बंदी असलेली पोरगी तिकीट काढून आली होती.

"लागला होता!"

मग कृष्णाकाठची मुलं ओरडली. मग एक आख्खी बाजू. मग, कुणाला पटो न पटो, रत्नदुर्गचे दोनचार प्रेक्षकही उभे राहून ओरडू लागले, लागला होता, लागला होता, आणि ज्या मुलीच्या खांद्याला तो हात लागला होता ती रत्नदुर्गची कोपरारक्षक मॅटच्या कडेला उभी होती. तिने आपल्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली.

दोन रक्षक मॅटवर चढले.

तेवढ्यात नंदिनी साबळे गुणलेखकाच्या टेबलापाशी गेली. तिथल्या माणसाला तिने उठायला लावलं, स्वतः त्याच्या खुर्चीत बसली आणि सगळ्यांना दिसेल असा हात वर केला. एक बोट. पोच मिळाली.

उल्काने हात खाली घेतला, शिट्टी गळ्यातून काढून मध्यरेषेवर ठेवली आणि रक्षकांच्या पुढे पुढे चालत मॅटवरून उतरली.